आरशात काय दिसतं?

प्रश्न : मी नेरुळला राहते, पोर्ट्रेट फोटोग्राफी करते. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांचं शरीर आणि त्यांच्या न बोलल्या गेलेल्या इच्छा यांवर २२ फोटोंची मालिका केली आहे. काहींत पाठ उघडी आहे. प्रदर्शनासाठी नौपाड्यातला एक हॉल ठरवला होता. तिथले व्यवस्थापक आता म्हणतात, अश्लीलतेची केस झाली तर? त्यातच एका ताईंचा फोन आला : मुलाचं लग्न ठरलंय, माझा फोटो नको लावूस. त्यांनी व्हॉट्सॅपवर 'चालेल गं, काढ' असं लिहिलं होतं. कॉपीराइट तर माझाच ना?

उत्तर : तुम्ही घाबरलात व्यवस्थापकांना. मला काळजी आहे ती ताईंच्या फोनची.

अश्लीलतेचं आधी उरकू. जुनं कलम २९२ आता भारतीय न्याय संहितेत २९४ झालंय. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड. पण त्याच कलमात कलेसाठी अपवाद आहे. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याच्या वाग्दत्त वधूचा नग्न फोटो छापल्याच्या प्रकरणात (अवीक सरकार खटला, २०१४) सर्वोच्च न्यायालयाने नुसती नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे असं म्हटलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने चित्रकार सूझा आणि अकबर पदमसी यांची नग्नचित्रं कस्टम्सच्या तावडीतून सोडवली. याच पदमसींवर १९५४ साली जहांगीर कलादालनातल्या चित्रांवरून खटला झाला होता आणि ते सुटले होते. सत्तर वर्षांत ही बातमी कस्टम्सपर्यंत पोचली नसावी! २०२४ चा हा निकाल व्यवस्थापकांना दाखवा. तक्रार होणारच नाही, अशी हमी मात्र कुठलाही वकील देणार नाही. इन्स्टाग्रामवर टाकायची घाई नको. तिथे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ येतं; कलेचा अपवाद तिथेही आहे, पण शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड पाच लाखांपर्यंत.

आता ताई. त्यांनी पैसे देऊन फोटो काढून घेतला नसेल, तर कॉपीराइट तुमचाच. पण ताईंची संमती आहे की नाही, हे त्याने ठरत नाही.

तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. ताई पाठमोऱ्या बसल्यात, चेहरा नाही. समोर ड्रेसिंग टेबल, आरशाच्या कडेला टिकल्या चिकटवलेल्या, आणि त्या टिकल्यांशेजारी आरशात त्यांची उघडी छाती दिसते. तुमचं लक्ष पाठीवरच्या उजेडाकडे असणार. नुसती पाठ असती तर न्याय संहितेचं कलम ७७ (बाईचे खासगी क्षणांतले फोटो काढणं किंवा पसरवणं) लागू करणं अवघड होतं. आरशामुळे ते सोपं झालं. फोटो काढायला बाईची संमती असली, पण तो इतरांना दाखवायला नसली, तर दाखवणं हा गुन्हा, असं त्या कलमाच्या स्पष्टीकरणातच आहे. पहिल्याच वेळी किमान एक वर्ष, जास्तीत जास्त तीन. 'काढ' म्हणजे 'लाव' नव्हे. आणि चेहरा नाही म्हणून ओळखणार नाहीत, या भ्रमात राहू नका. घरचे आरशावरूनही ओळखतात.

तेव्हा तो फोटो प्रदर्शनातून वगळा, तसं त्यांना लेखी कळवा, फाइल ठेवायची की पुसायची तेही विचारा. उरलेल्या २१ जणींना छापलेली प्रत समोर ठेवून मराठीत संमतीपत्र द्या : हॉल, कॅटलॉग, इंटरनेट, विक्री, प्रत्येकासाठी वेगळी सही. अमुक तारखेपर्यंत नाही म्हणता येईल, हेही त्यात घाला.

भिंतीवर बाविसावी चौकट रिकामी टांगून खाली 'फोटो मागे घेतला' असं लिहायचा मोह होईल. नका लिहू. कुणीतरी विचारणारच, 'ही कोण हो?'