चिखलात चालणाऱ्या गाडीचे वॉशर आणि वायपर कसे सुधारावेत?

आपला प्रश्न असा आहे की, फोर बाय फोर गाडी चिखलाच्या वाटेवर घातली की वॉशरची धार काचेच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाही आणि वायपर चिखल काढण्याऐवजी सगळीकडे फासत सुटतो. तेव्हा जास्त ताकदीची वायपर मोटर बसवावी का? माझे मत विचाराल तर मोटरला इतक्यात हात लावू नये. माखलेली काच पाण्याने धुतली जाते आणि गढूळ पाणी बाजूला ओढण्यापुरतेच वायपरचे काम उरते. शिवाय चिखलातली वाळू बहुतांशी क्वार्ट्झची असते. मोह्स मापनानुसार क्वार्ट्झचा कठीणपणा 7, तर काचेचा साधारण 5.5. त्यामुळे अपुऱ्या पाण्यावर ताकदवान मोटर फिरवणे म्हणजे काच घासून काढणेच होय. दिवसा न दिसणारे ते चरे रात्री समोरून दिवे आले की चमकू लागतात.

धार कुठे अडते आहे, हे आधी शोधावे. नोझलजवळची नळी काढून तिचे तोंड एखाद्या बाटलीत धरावे आणि पंप चालवावा. पाणी जोरात आले तर दोष नोझलचा आहे. बारीक टाचणीने आतला क्षार मोकळा करावा आणि नळीच्या बाजूने हवा मारावी. पाणी मुळातच मंद येत असेल तर टाकीकडे वळावे. बहुतेक गाड्यांत पंप टाकीच्या तळाशी रबरी ग्रोमेटमध्ये (भोकात बसणाऱ्या कड्यात) दाबून बसवलेला असतो आणि त्या ग्रोमेटच्या आतल्या टोकाला लहानशी जाळी असते. पंप ओढून काढल्यावर ही जाळी हिरवट, बुळबुळीत थराने बुजलेली आढळणे अगदी नेहमीचे आहे. टाकीचे झाकणही पाहावे, कारण त्याचे हवेचे भोक चिखलाने बंद झाले असेल तर टाकीत निर्वात तयार होतो आणि धड पंपाचीही धार हळूहळू मरते. बटण दाबल्यावर पाणी यायला वेळ लागत असेल, तर नळीतले पाणी परत टाकीत उतरते आहे असे समजावे. त्यासाठी नोझलच्या जवळ नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, घालणे पुरेसे असते.

इतके करूनही धार मंदच राहिली, तर पंप चालू असतानाच त्याच्या दोन तारांमधला व्होल्टेज मोजावा. बॅटरीवर बारा आणि पंपाशी दहा व्होल्ट दिसत असतील, तर नवा पंप आणून काहीही साधणार नाही. गंजलेले अर्थिंग (तार गाडीच्या सांगाड्याला जोडली जाते ती जागा) घासून साफ करावे आणि गरज पडल्यास बॅटरीपासून फ्यूज घालून रिलेमार्फत (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या विद्युत-स्विचमार्फत) वेगळी तार आणावी. वायपरची मोटर मंद वाटत असेल, तर तिलाही हीच तपासणी लागू आहे.

आता खरी सुधारणा. बहुतेक गाड्यांत वॉशरची कांडी ओढताच वायपर आपोआप फिरू लागतो. पावसात ही सोय असली, तरी चिखलात ती शत्रू ठरते, कारण पाणी मुरण्याआधीच ब्लेड वाळूवरून जाते. म्हणून मी दुसरा, स्वतंत्र पंप सुचवतो: त्याच टाकीच्या तळाशी नवे भोक पाडून ग्रोमेटमध्ये बसवलेला, स्वतःच्या बटणावर चालणारा आणि स्वतःच्या नळीने वायपरच्या दांड्यांवर लावलेल्या नोझलना पाणी देणारा. मूळ पंपाच्या तारेलाच जादा बटण जोडण्याचा मोह टाळावा. ती तार बहुधा वायपरच्या रिलेलाही इशारा देते, आणि काही गाड्यांत तर एकच पंप उलटसुलट फिरून पुढची व मागची अशा दोन्ही काचा सांभाळतो. हे पंप सेंट्रिफ्युगल जातीचे, म्हणजे फिरत्या पंख्याने पाणी बाहेर फेकणारे, असल्यामुळे स्वतः पाणी वर ओढून घेत नाहीत. म्हणून ते नेहमी टाकीतल्या पाण्याच्या पातळीखालीच असावेत आणि कोरडे चालवू नयेत. दांडीवरच्या नोझलचा फायदा असा की पाणी ब्लेडच्या अगदी पुढ्यात पडते आणि वारा त्याला उडवून नेत नाही. मात्र दांडी फिरताना नळी बिजागरीपाशी चिमटणार नाही इतकी ढील ठेवावी. पाण्याचा वापर यामुळे वाढतो, तेव्हा मोठी टाकी ओघाने आलीच. एका लिटरमागे एक किलो वजन धरून तिचा आधार तसा मजबूत करावा.

वायपरच्या बाबतीत दांडीचे टोक धरून हलवून पाहावे. मोटर बंद असतानाही ते सैल हलत असेल, तर लिंकेजचे (मोटरची हालचाल दांड्यांपर्यंत नेणाऱ्या जोडदांड्यांचे) बुश झिजले आहेत किंवा दांडी ज्यांवर घट्ट बसते ते तिच्या बुडाचे दाते गेले आहेत. ब्लेड थरथरत असेल, तर रबर बदलण्याआधी दांडी पिळली आहे का ते पाहावे: रबराची कड प्रत्येक फेरीत दिशा बदलून उलटली पाहिजे, आणि दांडी वाकडी असली की एका बाजूला ती उलटतच नाही. सांध्यांच्या चौकटीच्या ब्लेडमध्ये चिखल भरून सांधे आखडतात, म्हणून मी सलग पट्टीचे ब्लेड पसंत करतो. लांबी मात्र वाढवू नये, कारण तो सगळा भार मोटरवर आणि लिंकेजवर येतो. फार जुन्या गाडीत इंजिनच्या निर्वातावर चालणारे वायपर असतील, तर ते चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच मंदावणारच. तेथे विजेची मोटर बसवणे योग्य ठरते.

टाकीत भांडी धुण्याचा साबण घालू नये, त्याचा फेस काचेवर राहतो. इंजिनचे कूलंट तर मुळीच नको, कारण त्याचा तेलकट पडदा धरतो. जिथे पाणी गोठते तिथे अल्कोहोलयुक्त वॉशर द्रव वापरावा आणि तो भरल्यावर नळ्यांमध्ये उरलेले साधे पाणी निघून जाईपर्यंत दोन्ही पंप चालवावेत.