अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा, पाद्री होऊन धर्मग्रंथ लिहिणारा कोणी मराठी माणूस होता का?

होता, आणि तो काशीत घडलेला शास्त्री होता. नीळकंठशास्त्री गोरे, पुढचे फादर नेहेम्या गोरे. घराणं कोकणस्थ, आजोबा बांद्याच्या नवाबाकडे, म्हणजे बाजीराव-मस्तानीच्या वंशजांकडे, कारभारी. नीळकंठांचा जन्म १८२५ चा, झाशीजवळच्या गावातला.

त्यांचं नाव निघालं की धर्मांतराचीच चर्चा होते. मला त्यांचे ग्रंथ जास्त महत्त्वाचे वाटतात. जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने संस्कृतात ‘मतपरीक्षा’ लिहून हिंदू धर्मापेक्षा ख्रिस्ती धर्म श्रेष्ठ ठरवला होता. त्याला विशीच्या आतबाहेरच्या नीळकंठांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून संस्कृतातच उत्तर दिलं. पूर्वजन्म नसेल तर मुक्या जनावरांनी दुःख कशापायी भोगायचं? चार दिवसांच्या पापाला कायमचा नरक, हा कुठला न्याय?

आणि १८४८ मध्ये याच माणसाने जौनपूरला बाप्तिस्मा घेतला! १८६० साली त्यांचं ‘षड्दर्शनदर्पण’ हिंदीत आलं. हिंदू तत्त्वज्ञानाच्या सहाही शाखांचं, म्हणजे दर्शनांचं, हे खंडन. त्यांचे निष्कर्ष मला पटत नाहीत, पण विरोधी मत इतकं आतून जाणून लिहिणारे फार थोडे. नरकाबद्दलची ती शंकाही सुटली नाही. पाद्री झाल्यावरही ती त्यांना छळत राहिली.

मध्यंतरी, १८५४ मध्ये, ते पंजाबचे पदच्युत महाराजा दुलीपसिंग यांच्याबरोबर इंग्लंडला गेले. तिथे संस्कृतचा अभ्यासक मॅक्स म्युलर याची भेट झाली. लंडनमधलं ख्रिस्ती लोकांचं वागणं पाहून गोरे किती व्यथित झाले होते, हे म्युलरनेच लिहून ठेवलंय. संन्याशासारखं जगण्याची ओढ मात्र कायम राहिली. १८७० मध्ये त्यांना पाद्रीपदाची दीक्षा मिळाली, पुढे ऑक्सफर्डच्या काउली फादर्स या व्रतस्थ पाद्र्यांच्या संघात ते उमेदवार म्हणून गेले. अखेरची व्रतं त्यांनी कधीच घेतली नाहीत. मला यात त्यांचा तोच काटेकोरपणा दिसतो: मनाची पूर्ण खात्री झाल्याशिवाय शब्द द्यायचा नाही.

पत्नी लवकर गेली. मुलगी एलन लक्ष्मी इंग्लंडमध्ये वाढली आणि तिने इंग्रजीत भक्तिगीतं लिहिली.

पुण्यातही त्यांनी बरंच काम केलं. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या, त्यामागे गोऱ्यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता, असं खुद्द रमाबाईंनीच सांगितलंय. १८९५ मध्ये गोरे वारले.