फुकट, पण कुणाला?

प्रश्न : माझ्या नवऱ्याला कुवेतमध्ये एका कुटुंबाकडे ड्रायव्हरचं काम मिळतंय. पगार १२० दिनार, राहणं-जेवण मालकाचं. शेजारी म्हणतात, तिथे लाईट, पाणी, दवाखाना सगळं फुकट, इन्कम टॅक्सही नाही. दोनेक वर्षांत मुलांना घेऊन मीही जाऊ शकेन का? – एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, तुमचे शेजारी खोटं बोलत नाहीत. फुकट कुणाला, एवढंच सांगायचं राहिलं त्यांचं.

मी तिथल्या सरकारी इस्पितळात एकोणीस वर्षं नर्स होते. २०११ साली, स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली म्हणून, अमीरांनी, म्हणजे तिथल्या राजांनी, प्रत्येक नागरिकाला १००० दिनार दिले, वर चौदा महिने रेशन फुकट. आमच्या वॉर्डात एक कुवेती आजी होती. घरात अकरा माणसं, म्हणजे अकरा हजार, तान्ह्या नातवाच्या नावावरचेसुद्धा धरून! जमियातून, म्हणजे तिथल्या सहकारी भांडारातून, तांदूळ-साखरेची पोती आली त्याचं वर्णन तिने मला दोनदा ऐकवलं. पायाशी बसलेली तिची मोलकरीण तेच दोनदा ऐकत होती. तिला त्यातला एक फिलही नव्हता. (हजार फिलांचा एक दिनार.) आजी वाईट नव्हती हो, मला खजूर द्यायची.

नागरिकांच्या घरांना वीज १९६६ पासून युनिटला २ फिल. देशात नदी एकही नाही, समुद्राचं पाणी गोडं करून नळाला सोडतात. तेलाचा पैसा यायच्या आधी पिण्याचं पाणी इराकमधल्या शत्त-अल-अरब नदीहून गलबतांनी यायचं. (ओपाचं पाणी दोन दिवस आलं नाही की आम्ही फोंड्यात केवढी ओरड करतो!) पण नागरिक म्हणजे लोकसंख्येचा साधारण तिसरा हिस्सा. बाकी आपल्यासारखे. २०१७ मध्ये परदेशी लोकांची इस्पितळाची फी वाढवली तेव्हा खिडकीवरचे लोक ओळखीचे म्हणून माझ्याशी भांडायचे, जशी काही फी मीच ठरवली होती. भारतीय शाळांची फीसुद्धा पालकांनीच भरायची.

टॅक्स नाही, हे खरं. पण १२० दिनारांवर तो इथेही लागला नसता.

आता मुद्द्याचं. व्हिसा कितीचा आहे ते आधी बघा. कंपनीचा असेल तर १८ नंबर, घरकामाचा २० नंबर. मालकाच्या घरचा ड्रायव्हर म्हणजे २०. विसावरून अठरावर जाणं सोपं नसतं, एजंट काहीही सांगो. कुटुंब न्यायला २०२४ मध्ये महिन्याला किमान ८०० दिनार पगाराची अट घातली. तेव्हा तुमचं आणि मुलांचं जाणं या नोकरीत धरून चालू नका. हे वाचून वाईट वाटेल, पण शाळेतून दाखले काढून बसण्यापेक्षा बरं.

नवऱ्याने जाऊ नये असं मी म्हणत नाही. घरकामगारांसाठी २०१५ चा कायदा आहे: दिवसाला जास्तीत जास्त १२ तास काम, आठवड्याला एक सुट्टी, आणि सोडताना दर वर्षामागे एक महिन्याचा पगार. त्याच्या संमतीवाचून पासपोर्ट मालकाने ठेवायचा नाही. ठेवतात मात्र बरेच जण, म्हणून फोटोप्रती तुमच्याकडे ठेवा. एजंटची नोंदणी ई-मायग्रेटवर, म्हणजे भारत सरकारच्या वेबसाइटवर, तपासा. कराराची प्रत विमानात बसण्याआधी हातात हवी, त्यात १२० हा आकडा लिहिलेला हवा. आणि रजा कधी, तेही आधीच बोलून घ्या. चवथ कधी आहे ते बघून तिथला मालक रजा देत नाही.