प्रयोगशाळा नसताना विचित्र प्रश्नावर खरं संशोधन करता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळेतली प्रयोगशाळा नावापुरती, ओळखीत कुणी वैज्ञानिक नाही, इंग्रजी जेमतेम, पण 'गरम पाणी थंड पाण्याच्या आधी गोठतं का' असल्या गोष्टी तपासायची हौस आहे. याला संशोधन म्हणतील का, आणि सुरुवात कशी करायची?

म्हणतील, मोजमाप नीट असेल तर. तुम्ही दिलेलंच उदाहरण घेऊ, कारण हा प्रश्न ज्याच्या नावानं ओळखला जातो तो इरास्टो एम्पेम्बा टांझानियातला शाळकरी मुलगा होता. १९६३ साली शाळेत आइस्क्रीम करताना फ्रीजरमधली जागा जाईल म्हणून त्यानं उकळलेलं दूध न निववताच आत ठेवलं, आणि ते शेजारच्या न तापवलेल्या दुधाआधी गोठलं. शिक्षकांनी 'तुझाच घोळ झाला असेल' म्हणून वाटेला लावलं, पुढे वर्गात टिंगलही झाली. डेनिस ऑस्बोर्न नावाचे भौतिकीचे प्राध्यापक व्याख्यानाला आले तेव्हा त्यानं सगळ्यांदेखत तेच विचारलं. ऑस्बोर्न यांनी आपल्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाकडून प्रयोग करवून घेतला आणि १९६९ साली दोघांच्या नावानं शोधनिबंध आला. त्यातला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो: त्या तंत्रज्ञ माणसानं गरम पाणीच आधी गोठल्याचं सांगितलं आणि वर म्हणाला, बरोबर उत्तर येईपर्यंत आपण प्रयोग करत राहू! नेमकं हेच टाळायचं असतं.

विषय अजून मिटलेला नाही. २०१६ साली बरिज आणि लिंडेन यांनी काळजीपूर्वक मोजमापं केली तेव्हा त्यांना हा परिणाम दिसला नाही. तापमापक सेंटिमीटरभर वरखाली झाला तरी परिणाम असल्याचा भास होऊ शकतो, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे घरच्या फ्रीजरमध्ये करता येईल असा प्रश्न आहे आणि चुकायच्या जागाही ठाऊक आहेत. यापेक्षा चांगली सुरुवात सापडणं कठीण.

आधी 'गोठणं' म्हणजे काय ते वहीत लिहा. पाणी शून्य अंशाखाली जाऊनही बराच वेळ द्रव राहतं आणि मग बर्फ धरायला लागताच तापमान एकदम शून्यावर उसळतं. हा क्षण लहरी असतो, त्याच पाण्यात दर फेरीला वेगळा येतो. म्हणून 'शून्य अंशाला पोचायला लागलेला वेळ' आणि 'ती उसळी येईपर्यंतचा वेळ' असे दोन आकडे वेगळे नोंदवा. दोन्हींची खिचडी केली की काहीही सिद्ध करता येतं.

भांडं एकच ठरवा, स्टीलचा सरळ पेला उत्तम, काच तडकते. पाणी वजनानं घ्या, १०० ग्रॅम, आणि पेला काठोकाठ भरू नका, बर्फ होताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं. गरम आणि थंड अशा दोन्ही फेऱ्यांचं पाणी आधी उकळून घ्या, नाहीतर एकात हवा जास्त विरघळलेली आणि दुसऱ्यात कमी, असा नवाच फरक शिरतो. पेला थर्मोकोलच्या तुकड्यावर ठेवा. फ्रीजरच्या तळाशी हिम असेल तर गरम पेला ते वितळवून तळाला घट्ट टेकतो आणि भराभर निवतो. हा गरम पाण्याचा पराक्रम नव्हे.

तापमानासाठी डीएस१८बी२० हा जलरोधक सेन्सर आणि त्याचे आकडे वाचणारा आर्डुइनो हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा सर्किट बोर्ड पुरतो. डेटा आणि पुरवठ्याच्या तारेमध्ये ४.७ किलोओहमचा रोधक (रेझिस्टर) लावायला विसरू नका, नाहीतर उणे १२७ असा निरर्थक आकडा येत राहतो. या सेन्सरची अर्ध्या अंशाची हमी उणे १० ते ८५ अंशांपर्यंतच असते, म्हणून गरम फेरी ९० ऐवजी ८० अंशांवर सुरू करा आणि थंड फेरी २५ वर. कुटलेल्या बर्फात थोडं पाणी घालून त्या गाळात सेन्सर बुडवा, जो आकडा येईल तो तुमचा शून्य. मग आडव्या काडीला बांधून सेन्सरचं टोक दर वेळी पाण्याच्या अर्ध्या खोलीवर राहील असं करा. वर सांगितलेला सेंटिमीटर इथेच आडवा येतो.

दोन्ही पेले एकदम आत ठेवायचा मोह होतो. नको. गरम पेल्याची वाफ शेजारच्यावर जमते आणि कॉम्प्रेसरही त्याच्यामुळे जास्त चालतो. एका वेळी एकच पेला, ठरलेल्या जागी, फ्रीजर पुन्हा मूळ तापमानाला आल्यावरच. गरम फेरी आधी की थंड, हे नाणं उडवून ठरवा. फेरी चालू असताना कुणी दार उघडलं तर ती बाद, आणि हा नियम आधीच लिहिलेला हवा. निकाल बघून फेरी बाद करणं म्हणजे त्या तंत्रज्ञाच्याच वाटेनं जाणं.

फेरी संपली की पेला पुन्हा तोला. गरम पाण्यातलं काही उडून गेलेलं असतं. ८० अंशांपासून शून्यापर्यंतची सगळी उष्णता निव्वळ वाफेवाटे गेली असं धरलं, तरी घट तेरा-चौदा टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. तुमची घट २० ग्रॅम भरली तर पाणी सांडलं आहे किंवा तराजू बिघडला आहे. हीच फेरी झाकण लावून केली की बाष्पीभवनाचा वाटा वेगळा काढता येतो, आणि माझ्या मते खरा निबंध तिथे आहे.

एक गरम आणि एक थंड फेरी मिळून एक जोडी, अशा दहा जोड्या करा, आकडा आधी जाहीर करून. निव्वळ योगायोगानं दहापैकी आठ किंवा अधिक वेळा गरम पाणी जिंकण्याची शक्यता १०२४ मध्ये ५६, म्हणजे साडेपाच टक्के. नऊ किंवा अधिकची १०२४ मध्ये ११. आठवर उड्या मारू नका.

फ्रीजरही नसेल तर उपकरणांवाचूनचे प्रश्न घ्या. अमेरिकेत एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीनं पुठ्ठ्याचा पडदा आणि एक नाणं एवढ्यावर काम भागवलं. न शिवता हात फिरवून उपचार करणाऱ्यांनी पडद्यातून दोन्ही हात पुढे करायचे, तिनं नाणं उडवून त्यातल्या एकावर आपला हात धरायचा, आणि कुठल्या हातावर ते त्यांनी ओळखायचं. २८० पैकी १२३ उत्तरं बरोबर आली, म्हणजे अंदाजपंचे सांगितलं असतं त्याहूनही कमी. १९९८ साली हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आलं.

'विचित्र' या शिक्क्याची लाज बाळगू नका. आंद्रे गाइम यांना चुंबकीय क्षेत्रात बेडूक तरंगवल्याबद्दल २००० साली मायकेल बेरी यांच्यासोबत इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक मिळालं, आणि २०१० साली ग्राफीनसाठी, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाड थरासाठी, खरं नोबेल. भाषेचंही तेच, ती भारदस्त असायला हवी असं नाही. इंग्लंडमधल्या ब्लॅकॉटन गावच्या आठ ते दहा वर्षांच्या मुलांनी भुंगेमाश्यांवर (बंबलबी) केलेला निबंध २०१० साली 'बायोलॉजी लेटर्स'मध्ये आला, तो मुलांच्याच शब्दांत आणि त्यांनीच रंगवलेल्या आकृत्यांसह. तुम्ही निबंध वाचताना आधी आकृत्या आणि त्यांच्या खालच्या ओळी वाचा, मग पद्धतीचा भाग. प्रस्तावना सर्वांत शेवटी. निबंध पैशांच्या कुंपणाआड असेल तर लेखकाला ईमेल करून मागा, बहुतेकांना पाठवायला आनंदच होतो.

ओळख नसण्यावर उपाय असाच कोरडा आहे. मार्गदर्शक हवा म्हणून प्राध्यापकांना 'मला विज्ञानाची आवड आहे' असं लिहू नका, त्याला काय उत्तर देणार? दीडशे शब्दांत लिहा: काय मोजलं, किती वेळा, एक आलेख जोडा आणि एकच नेमका प्रश्न विचारा, उदाहरणार्थ 'झाकण लावल्यावरही फरक उरतो, तो संवहनाचा (पाण्यातल्या गरम-थंड प्रवाहांचा) आहे हे कसं तपासू?' मोठ्या नावांपेक्षा त्यांच्या हाताखालच्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना लिहिलेलं जास्त फळतं; त्यांच्याकडे वेळ नसतो, पण सेन्सर कुठे दगा देतो ते त्यांना ताजं ताजं माहीत असतं. तीन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, मग पुढचं नाव.