वडिलांना नैराश्य आहे, चालायलाही जात नाहीत. व्यायाम सुरू कसा करायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ७२ वर्षांचे. आई जाऊन आठ महिने झाले. दिवसभर पलंगावर नाहीतर टीव्हीसमोर. तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी नैराश्याची गोळी सुरू केली आणि 'थोडा व्यायाम करा' म्हणाले. वडिलांचं म्हणणं, 'जरा बरं वाटू दे, मग जाईन.' व्यायामाने खरंच फरक पडतो का, आणि पडत असेल तर त्यांना उठवायचं कसं?

फरक पडतो. पण 'बरं वाटलं की जाईन' यातला क्रमच उलटा आहे आणि घोडं तिथेच अडतं. नैराश्यात इच्छा आधी येत नाही. आधी हालचाल, मग जराशी झोप, जराशी भूक, आणि इच्छा त्याच्याही मागून. म्हणून त्यांच्या मनाची तयारी करण्यात दिवस घालवू नका. 'मन रमवा', 'चार लोकांत मिसळा' हे त्यांनी आठ महिने ऐकलं असेल. त्यातून माणसाला एवढंच कळतं की आपल्याला तेही जमत नाही.

पुराव्याचं म्हणाल तर १९९९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने पन्नाशी ओलांडलेल्या १५६ रुग्णांचे तीन गट केले होते. एकाला सर्ट्रालीन ही नैराश्याची गोळी, दुसऱ्याला आठवड्यातून तीनदा व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही. १६ आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. गोळीवाल्यांना गुण लवकर आला, एवढाच फरक. २००५ मधला ऑस्ट्रेलियातला अभ्यास मला जास्त उपयोगाचा वाटतो. साठीपुढचे ६० रुग्ण, आठ आठवडे. जड वजनं उचलणाऱ्यांपैकी ६१ टक्के लोकांची लक्षणं निम्म्यावर आली, हलकी वजनं उचलणाऱ्यांत २९ टक्के, आणि फक्त नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत २१ टक्के. उलट, ब्रिटनमधल्या वृद्धाश्रमांत आठवड्यातून दोनदा सामूहिक व्यायाम घेऊन पाहिला, तर २०१३ च्या निष्कर्षात काहीच फरक दिसला नाही. तिथले लोक जास्त थकलेले होते हे खरं, पण माझं मत असं की खुर्चीत बसून हात वरखाली करण्याने शरीराला जाग येत नाही. स्नायूंना थोडे कष्ट पडायलाच हवेत.

हे ऐकून गोळी मात्र बंद करू नका. तीन आठवडे म्हणजे तिचा गुण दिसायला नुकती सुरुवात होते.

सुरू करण्याआधी दोन कामं करा. एक, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर आणि सोडियम झालं नसेल तर तपासून घ्या. थायरॉइड किंवा बी-१२ कमी असलं तरी माणूस असाच मलूल दिसतो. सोडियमचं कारण वेगळं: नैराश्याच्या बऱ्याच गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचं सोडियम पहिल्या काही आठवड्यांत उतरू शकतं, त्यात बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर जास्तच. मग झोक जातो, बोलणं गोंधळतं, आणि घरचे म्हणतात, 'व्यायामाने अशक्तपणा आला.'

दुसरं काम घरी होतं. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी मोजा, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, तर आधी डॉक्टरांशी बोला. बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळीने असं होतं, आणि अशा माणसाला एकदम उठवून चालवलं तर तो पडतो. छातीत दुखण्याचा इतिहास असेल, स्टेंट असेल, तर तेही विचारून घ्या.

आता वेळ. आपल्याकडे व्यायाम म्हटला की पहाटे पाच. नैराश्यात पुष्कळांची सकाळ सगळ्यांत वाईट जाते, पहाटे जाग येऊन छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. त्यात रात्रीची झोपेची गोळी असेल तर सकाळी पाय लटपटतात. पहिले दोन-तीन आठवडे दुपारचा चहा झाला की, साडेचार-पाचला करा. बरं वाटू लागलं की सकाळच्या कोवळ्या उन्हात न्या. सकाळचा उजेड झोपेची घडी बसवायला मदत करतो.

पहिल्या दिवशी 'चला फिरायला' म्हणूच नका. खुर्चीवरून उठबस एवढंच करून घ्या. प्लास्टिकची खुर्ची नको, ती फरशीवर सरकते. जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची घ्या, पाठ भिंतीला टेकवून ठेवा. वडिलांना बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागात सरकून बसू द्या. पावलं खांद्याइतक्या अंतरावर आणि गुडघ्यांच्या किंचित मागे ओढलेली. बहुतेक जण इथेच चुकतात: पाय पुढे पसरून, पाठ ताठ ठेवून उठायला बघतात, उठवत नाही, मग गुडघा दुखतो म्हणतात. आधी कमरेतून पुढे झुकायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत. मग टाचा जमिनीत दाबत उठायचं, उठताना श्वास सोडायचा. श्वास रोखला की बीपी चढतो. बसताना धपकन बसायचं नाही. मनात एक-दोन-तीन म्हणत टेकायचं. खरी ताकद या सावकाश बसण्यात येते. हातांचा आधार लागला तर खुशाल घेऊ द्या, पुढे तो कमी होतो.

पाच वेळा उठबस, दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा पाच. पहिला दिवस संपला. 'अजून पाच होतील' असं ते स्वतः म्हणाले तरी थांबवा. उत्साहाने जास्त केलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात आणि 'मला झेपत नाही' हे पक्कं होतं. एक दिवसाआड करायचं. दहा-दहाचे दोन फेरे आरामात व्हायला लागले की छातीशी अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली धरून, पुढे लिटरची. शेवटच्या दोन उठबशा जड गेल्या पाहिजेत, पण आणखी दोन जमल्या असत्या असं वाटलं पाहिजे. ते वजन बरोबर.

त्याच वेळी आणखी चार गोष्टी जोडा, पण एका आठवड्याला एकच. ओट्याला धरून टाचा उचलणं, १० वेळा. भिंतीला हात टेकून छाती भिंतीकडे नेणं-आणणं, ८ ते १० वेळा. आणि खुर्चीत बसून एकेक पाय गुडघ्यात सरळ करणं. पायाला बांधायचे अर्धा किंवा एक किलोचे वेट कफ सर्जिकलच्या दुकानात मिळतात. तोल सांभाळायला ओट्यापाशीच एका पावलापुढे दुसरं ठेवून १० सेकंद उभं राहणं. सगळं मिळून वीस मिनिटांत होतं.

चालणं दुसऱ्या आठवड्यापासून. त्यासाठी काम काढा. 'बाबा, चालत जा' याला नाही म्हणता येतं. 'बाबा, कोथिंबीर आणायला निघालोय, पिशवी धरायला येता का?' याला नाही म्हणणं जड जातं. बाहेर पडून पाच मिनिटांत परत आलात तरी चालेल. स्लीपर नको, मागून बंद असलेले बूट हवेत. फुटपाथ उखडलेला असेल तर सोसायटीचं पार्किंग किंवा गच्ची बरी. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा, तीस मिनिटांपर्यंत. तिथे पोचल्यावर वेग वाढवा. वेळ आणि वेग दोन्ही एकदम नाही. वेगाची खूण: बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर जाऊ नका. मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल ही बीपीची गोळी चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही आणि तुम्ही उगाच पळवाल.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड असेल तर उपाशीपोटी नको. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यांतलं काहीही झालं तर तिथेच थांबून बसवा आणि लगेच डॉक्टर गाठा. गुडघ्यांचं दुखणं व्यायामाच्या वेळी थोडं वाढलं तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरलं तर चालेल, टिकून राहिलं तर संख्या निम्मी करा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाचा हिशोब लिहिता तिथेच, झालेल्या दिवशी त्यांच्याच हाताने आकडा लिहायला लावा: 'उ १०, चा १५'. 'आज कसं वाटतंय?' हे रोज विचारू नका. उत्तर 'तसंच' हेच येणार, आणि म्हणताम्हणता ते त्यांनाही पटतं. आकडा वाढलेला मात्र दिसतो. चुकलेल्या दिवसांची भरपाई करायला लावू नका. आठवडाभर खंड पडला, आजारपण झालं, तर निम्म्या आकड्यावरून पुन्हा सुरू करा. आईचं वर्षश्राद्ध येईल त्या आठवड्यात हे मोडणारच, ते आधीच धरून चाला.

फरक हसण्यात शोधू नका. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात आधी छोट्या गोष्टी दिसतील: पेपर पुन्हा उघडला, दाढी न सांगता केली, भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुर केली. कुरकुर म्हणजे चव आली. डॉक्टरांना विचारून १५ प्रश्नांची वृद्धांसाठीची नैराश्यचाचणी आत्ता एकदा आणि आठ आठवड्यांनी एकदा करून घ्या. त्यात ५ च्या वर गुण आले तर नैराश्याची शंका घेतात. आठ आठवडे नियमाने होऊनही आकडा हलला नाही, तर गोळीचा डोस किंवा समुपदेशन याबद्दल बोलावं लागेल. व्यायाम वाढवत बसू नका.

आणि एक गोष्ट व्यायामाच्या कक्षेबाहेरची. 'आता जगून काय करायचं', 'तिच्याकडे जायचंय' असं बोलणं, जेवण जवळपास बंद होणं, कागदपत्रांची एकाएकी आवराआवर, यांतलं काही दिसलं तर उठबशा बाजूला ठेवा. त्यांना एकटं सोडू नका, गोळ्यांचा डबा स्वतःकडे घ्या आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. रात्री-बेरात्री कोणाला विचारावं कळेना, तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.