तासगाव-सांगली रोजचे पन्नास किलोमीटर: सीएनजी घ्यावी, इलेक्ट्रिक घ्यावी, की आहे तीच गाडी?

प्रश्न: मी तासगावला राहतो आणि दोन वर्षांपासून सांगलीत विश्रामबागेतल्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. वय ४४. जाऊन-येऊन रोज पन्नासेक किलोमीटर होतात, शिवाय गावाकडच्या फेऱ्या. महिन्याला दीड हजार किलोमीटर धरा. गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ८६,००० किलोमीटर झालेत. पूर्वी १८ चं ॲव्हरेज द्यायची, आता १७ देते. पेट्रोल असंच वाढत राहिलं तर परवडणार नाही. शोरूमवाले जुनी गाडी २ लाख ४० हजारांना घ्यायला तयार आहेत. नवी सीएनजी ८ लाखांना पडते, इलेक्ट्रिक ११ लाखांना. मेहुणे म्हणतात इलेक्ट्रिकच घ्या. पगार हातात ७२,०००, घराचा हप्ता १९,०००, एसआयपी ८,०००, दीड लाखाची एफडी. मुलगा अकरावीत आहे. एसआयपी थांबवून सीएनजी घ्यावी असा विचार आहे. ११,००० भरून बुकिंगही केलंय. बरोबर करतोय ना?

उत्तर: सर, बुकिंग रद्द करा. आत्ता नवी गाडी घेऊ नका, सीएनजीही नको आणि इलेक्ट्रिकही नको. त्यामागचा हिशेब सांगतो. त्यात मी पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि सीएनजी ९५ रुपये किलो धरलंय. तुमच्या पंपावरचा आजचा भाव घालून एकदा स्वतः करून बघा.

दीड हजार किलोमीटरला १७ च्या ॲव्हरेजने ८८ लिटर पेट्रोल लागतं, म्हणजे ९,२५० रुपयांच्या आसपास. नवी सीएनजी गाडी रस्त्यावर किलोला २६ किलोमीटर देईल असं धरू. कंपनीचा आकडा याहून बराच मोठा असतो, पण तो चाचणीतला असतो, सांगली रोडवरचा नव्हे. त्या हिशेबाने गॅसला साधारण ५,५०० लागतील. बचत झाली ३,७५० रुपयांची.

आता दुसरी बाजू. ८ लाखांतून जुन्या गाडीचे २ लाख ४० हजार वजा केले की ५ लाख ६० हजारांचं कर्ज उरतं. सव्वानऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी हप्ता बसतो ९,०८० रुपये. महिन्याला पावणेचार हजार वाचवण्यासाठी नऊ हजारांचा हप्ता, आणि सात वर्षांत निव्वळ व्याज दोन लाखांवर. तुम्ही पेट्रोलच्या भावाला घाबरलात, पण तुमच्या खिशावरचं खरं ओझं हा हप्ता होणार आहे. म्हणून मी उलटा हिशेबही केला: हा हप्ता निव्वळ इंधनाच्या बचतीतून निघायचा असेल तर पेट्रोल किती व्हायला हवं? १६५ रुपये. आणि सीएनजी तेवढ्या काळात ९५ वरून एक पैसाही हलता कामा नये.

ते तसं राहत नाही, हे थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. सीएनजी स्वस्त आहे म्हणजे स्वस्तच राहील असं धरून गाडी घेतली जाते. २०२१ च्या सुरुवातीला मुंबईत सीएनजी पन्नास रुपयांच्या आत होता, २०२२ च्या ऑगस्टमध्ये तो ऐंशीच्या पुढे गेला होता. मधल्या काळात, १ एप्रिल २०२२ पासून, राज्य सरकारने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीनवर आणला होता, तरीही. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर जगभर गॅस महागला, त्याचे चटके इथपर्यंत आले. पुढे एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने देशातल्या जुन्या विहिरींच्या गॅसचा भाव कच्च्या तेलाच्या दहा टक्क्यांशी बांधला आणि त्यावर कमाल मर्यादा घातली. पण हा स्वस्त गॅस सगळ्या पंपांना पुरत नाही. उरलेला महागडा गॅस घ्यावा लागतो, त्यात बाहेरून जहाजाने येणाराही असतो. म्हणजे तेल चढलं की गॅसही मागोमाग चढतो. समजा पेट्रोल १२० झालं आणि सीएनजीही पंधरा रुपयांनी वाढून ११० झाला, तर तुमची बचत ३,७५० वरून ४,२०० च्या थोडी वर जाईल. पेट्रोल पंधरा रुपयांनी भडकूनही फायदा वाढला साडेचारशे रुपयांनी.

पेट्रोलचा भाव नेहमी वरच जातो असंही नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने लिटरमागे ५ रुपये उत्पादन शुल्क कमी केलं, मे २०२२ मध्ये आणखी ८, आणि जुलै २०२२ मध्ये राज्याने ५ रुपये व्हॅट उतरवला. पंपावरच्या भावात कराचा वाटा मोठा आहे, आणि कर सरकारच्या हातात असतो. सात वर्षांचं कर्ज आजच्या भावाकडे बघून काढायचं नसतं ते यासाठी.

तुमच्या ॲव्हरेजबद्दल. १८ वरून १७ म्हणजे इंजिन गेलं असं नाही. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. हे उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते २०२५ वर आणलं गेलं. इथेनॉलमध्ये तेवढ्याच मापाच्या पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या बांधणीच्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी उतरेल असा अंदाज दिलेला होता. तुमची घट साडेपाच टक्क्यांची, म्हणजे त्याच्या जवळपासच आहे. पुढच्या सर्व्हिसिंगला इंधनाच्या रबरी नळ्या आणि गॅस्केट बघून घ्या. नळ्या कडक झाल्या असतील तर बदला, खर्च मोठा नसतो. (आपल्या जिल्ह्यात हे बोलायची चोरी आहे. ज्याचं इथेनॉल होतं तो ऊस आपलाच, कारखाने आपलेच. पण शेतकरी म्हणून मिळालेला भाव आणि गाडीवाला म्हणून गेलेलं ॲव्हरेज हे दोन वेगळे हिशेब आहेत.)

आता मेहुण्यांचं म्हणणं. ते चुकीचं नाही, फक्त तुमच्यासाठी वेळ चुकीची आहे. छोटी इलेक्ट्रिक गाडी युनिटला सात किलोमीटर देते असं धरलं आणि चार्जिंगमधली गळती मिळवली, तर महिन्याला २३५ युनिट लागतील. वीज कुठल्या मीटरवरून घेता यावर सगळं अवलंबून आहे. घरच्याच मीटरवर गाडी लावली तर तुमचं घरगुती बिल वरच्या टप्प्यात जातं आणि गाडीची बहुतेक युनिटं सगळ्यात महागड्या दराने मोजली जातात. युनिटला १४ रुपये पडले तर ३,३०० होतात. महावितरणकडे ईव्ही चार्जिंगची वर्गवारी निराळी आहे. त्या वर्गवारीत वेगळं मीटर घेऊन ९ रुपये पडले तर २,१०० च्या आसपास. शोरूममध्ये 'किलोमीटरला एक रुपया' सांगतात तेव्हा हा मीटरचा मुद्दा कोणी काढत नाही.

दोन हजार शंभर धरले तरी बचत ७,१०० रुपयांवर जाते, सीएनजीच्या जवळपास दुप्पट. पण कर्ज होतं ८ लाख ६० हजारांचं आणि हप्ता जवळपास १४,००० चा. घराचा हप्ता मिळून ३३,००० झाले, म्हणजे पगाराचा पंचेचाळीस टक्क्यांहून जास्त भाग १ तारखेलाच संपला. दोन वर्षांनी मुलाची इंजिनिअरिंगची फी सुरू होईल तेव्हा हा हप्ता थांबवता येणार नाही.

हेच जर तुमची गाडी खरोखर संपली असती आणि नवी घेणं भागच असतं, तर माझं उत्तर फिरलं असतं. तेव्हा तुलना हप्ता आणि बचत यांची नसते. पेट्रोल गाडीपेक्षा जास्तीचे किती मोजले आणि ते कधी निघतात, एवढंच बघायचं असतं. नवी पेट्रोल गाडी ७ लाख २० हजारांना आणि १९ च्या ॲव्हरेजची धरली, तर सीएनजीचे जादा ऐंशी हजार अडीच वर्षांच्या आत निघतात. इलेक्ट्रिकचे जादा ३ लाख ८० हजार निघायला पाच वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. बॅटरीची हमी बऱ्याच कंपन्या आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची देतात, आणि तुमचे आठ वर्षांचे किलोमीटर १ लाख ४४ हजार होतात. म्हणजे हमीच्या आत पैसे वसूल. घर स्वतःचं, चार्जिंगला जागा आहे, रोजचा पल्ला ठरलेला आणि छोटा. इलेक्ट्रिकसाठी याहून सोयीचा माणूस शोधून सापडणार नाही. तेव्हा मेहुण्यांना सांगा, तुमचं ऐकणार, पण २०३१ मध्ये.

२०३१ का? एमएच १० ची तुमची आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, त्या वर्षी पंधरा वर्षांची होईल आणि नूतनीकरणाचा प्रश्न येईल. तोवर मुलगा कॉलेजमधून बाहेर पडलेला असेल. सध्या इलेक्ट्रिकवर पाच टक्के जीएसटी आहे. छोट्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांवर तो २२ सप्टेंबर २०२५ पासून अठरा टक्के झालाय, म्हणजे करातली दरी कमी झाली आहे. पुढे काय होईल ते तेव्हा बघू. मधल्या काळात छतावर सोलर बसवायचा असेल तर पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. पण सोलर आणि गाडी दोन्हींची कर्जं एकदम डोक्यावर घेऊ नका.

डिझेलचा विचार तुमच्या किलोमीटरला करायचं कारण नाही. हायब्रिड चांगली, पण तुमच्या बजेटच्या वर. हायड्रोजन वगैरे वाचायला ठीक आहे.

मग आत्ता करायचं काय? तुम्ही न विचारलेला एक पर्याय आहे: आहे त्याच गाडीला सीएनजी किट. समजा ६५,००० खर्च आला आणि जुन्या इंजिनावर किलोला २३ किलोमीटर मिळाले, तर गॅसला ६,२०० लागतील. महिन्याला तीन हजार वाचले तर पावणेदोन-दोन वर्षांत किट फिटतं आणि त्यानंतर गाडीत तीनेक वर्षं शिल्लक राहतात. हप्ता नाही, एसआयपीला हात नाही. पैसे एफडीतून काढू नका. दोन-तीन महिने थांबून बोनस किंवा पेपर तपासणीचे पैसे येतील त्यातून करा, नाहीतर पगारदार पतसंस्थेतून वर्षभराचं छोटं कर्ज घ्या.

मात्र किटच्या आधी ओळखीच्या मेकॅनिककडून इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे इंजिन आतला दाब नीट धरतंय का याची तपासणी, करून घ्या. गॅस कोरडा जळतो, इंजिन जास्त तापतं. आधीच दमलेल्या इंजिनावर किट बसवलं तर वाचलेले पैसे व्हॉल्व्हच्या कामात जातात. टेस्ट वाईट आली तर किट विसरा आणि पेट्रोलवरच चालवा. टेस्ट चांगली आली तरी तुमच्या मॉडेलसाठी मान्यता मिळालेलंच किट घ्या, आरटीओत आरसीवर नोंद करा आणि विमा कंपनीला कळवून पॉलिसीत किट चढवून घ्या. प्रीमियम थोडा वाढतो. नोंद न करता फिरणारे बरेच आहेत, पण अपघात झाल्यावर क्लेम अडकतो तेव्हा सगळी बचत एका दिवसात जाते. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी, दर तीन वर्षांनी. घरगुती सिलिंडर डिकीत ठेवून चालवणारे कोणी सुचवतील, त्यांच्याकडे लक्षही देऊ नका. ते बेकायदाही आहे आणि जिवावरचंही.

डिकी जाईल, हेही घरात आधी बोलून घ्या. बेदाण्याच्या पेट्या घेऊन पाहुण्यांकडे जायचं असेल तर त्या मागच्या सीटवर जातील. साठ लिटरच्या टाकीत आठ-नऊ किलो गॅस बसतो, म्हणजे दर चार दिवसांनी पंप. ज्या पंपाला गॅस ट्रकवरच्या सिलिंडरांमधून येतो तिथे प्रेशर कमी असेल तर टाकी पूर्ण भरत नाही आणि रांगही लागते. कॉलेजच्या वाटेवरच्या पंपावर आठवडाभर तुमच्या वेळेला काय परिस्थिती असते ते बघा. रोज अर्धा तास रांगेत जाणार असेल तर तीन हजारांसाठी ते करायचं का, हे तुम्ही ठरवा. मी तर नाही करणार.

आणखी एक साधी गोष्ट. आठवड्यातून दोन दिवस एसटीने गेलात तर महिन्याला आठ फेऱ्यांचं, म्हणजे अडीच हजारांच्या आसपास पेट्रोल वाचतं. तिकिटाचे वजा करा. किटच्या बचतीच्या जवळ जाणारी रक्कम आहे आणि त्यासाठी गुंतवणूक शून्य.

शेवटी बुकिंग. तुम्ही पाठवलेल्या कोटेशनच्या मागच्या पानावर 'साडेसहा टक्के फ्लॅट' लिहिलंय, ते बघितलंत का? फ्लॅट म्हणजे सातही वर्षं मूळ रकमेवर व्याज. त्या दराने हप्ता ९,७०० बसतो आणि घटत्या शिलकीवर मोजला तर तो दर सव्वाअकरा टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे मी वर धरलेला ९,०८० चा हप्तासुद्धा तुम्हाला मिळणार नव्हता. अजून गाडीचा चेसिस नंबर तुमच्या नावावर आलेला नाही आणि बिल झालेलं नाही, तोवर ११,००० परत मागायला सोपं जातं. फोनवर सांगू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, सोबत पावतीची झेरॉक्स जोडा आणि पैसे बँक खात्यातच मागा. दुसऱ्या गाडीच्या बुकिंगला वळते करतो म्हणाले तर नाही म्हणा.