अल्केमिस्ट घेऊन फसलो का? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : आम्ही भुसावळची पाच पोरं दर रविवारी गच्चीवर पाथफाइंडर (फासे टाकून आपापलं पात्र चालवायचा खेळ), त्याची दुसरी आवृत्ती खेळतो. मी हौसेने अल्केमिस्ट घेतला, म्हणजे रसायनं बनवणारा, त्यातला बॉम्ब फेकणारा बॉम्बर. आता लेव्हल ३ ला आलोय पण निम्मे बॉम्ब हुकतात, आमचा फायटर दोन फटक्यांत समोरच्याला आडवा करतो, आणि आता सगळे म्हणतात कॅरेक्टर बदल भो. बदलू का?

उत्तर : नको बदलू भाऊ. पण फायटरशी बरोबरी करायचं आधी डोक्यातून काढ, कारण ती शर्यत तू कागदावरच हरलेला आहेस. हिशोब बघ ना, लेव्हल ३ ला फायटरचा हल्ला साधारण +१२ (वीस बाजूंच्या फाशावर जे पडेल त्यात हे मिळवायचे), कारण त्याची मुख्य क्षमताच ताकद आणि शस्त्रात तो पहिल्यापासून एक्स्पर्ट. तुझी मुख्य क्षमता बुद्धी, बॉम्ब फेकायला लागते चपळाई, ती सुरुवातीला +३ च्या वर जात नाही, तर चांगला मॉडरेट (मधल्या दर्जाचा) बॉम्ब धरूनही तू +९ ला अडकतोस. हा तीनचा फरक फाशांवर लगेच कळतो.

मग तुझं काय? तर तुझं हुकलेलं पण वाया जात नाही. बॉम्ब हुकला तरी स्प्लॅश (उडणारे शिंतोडे) लागतोच, फक्त अगदीच वाईट हुकला, म्हणजे क्रिटिकल फेल झाला तरच नाही. आता समोर ट्रोल आहे असं धर. त्याला आगीचा वीकनेस १०, म्हणजे आग लागली की दर वेळी १० जास्तीचे जातात. मॉडरेट अल्केमिस्ट्स फायर या आगीच्या बॉम्बचा स्प्लॅश २, म्हणजे हुकूनसुद्धा १२ गेले आणि वर त्याच्या जखमा भरून येणं थांबलं. नेम लागला तर त्याच्या टर्नच्या शेवटी जळत राहण्याचे २, त्यावर परत १०, आणि आग विझेपर्यंत दर टर्नला हेच. फायटरची तलवार कितीही भारी असली तरी हे तिला जमत नाही. उंदरांचे, किड्यांचे थवे आले तरी तुझाच नंबर, बऱ्याच थव्यांना स्प्लॅशचा वेगळा वीकनेस असतो. म्हणून एकाच जातीचे बॉम्ब बनवत बसू नको, आग, अॅसिड, थंडी, वीज असं सगळं जवळ ठेव आणि लढाईआधी समोर काय येणार ते जीएमला (खेळ चालवणाऱ्याला) विचारून विचारून काढ (तुझी बुद्धी जास्त आहे ती याच्यासाठीच). विजेची बाटली लागली तर समोरचा ऑफ-गार्ड (बेसावध) होतो, त्याचा फायदा फायटरलाच. आणि बॉम्बर आहेस तर स्प्लॅश फक्त निशाण्यावरच ठेवता येतो, मित्रांना भाजू नको.

आता खरी गोष्ट. तुझ्या अर्ध्या बाटल्या तुझ्या पिशवीत असल्याच नाही पाहिजेत. भरीत पार्टीत वांगी भाजणाराच सगळं भरीत खातो का? क्विकसिल्व्हर म्युटाजेन (चपळाई वाढवणारं पेय) मॉडरेट घे, नेमबाजीला +२, दहा मिनिटं चालतं, ते तुमच्यातल्या तिरंदाजाला दे. त्याच्या धनुष्यावर +१ चा रून (कोरलेली जादूची खूण) असेल तर दोन्ही बेरीज होत नाहीत, मोठा तोच धरतात, तरी एक जास्त मिळालाच ना. तोटा पण आधीच सांगून टाक, हिट पॉइंट्स लेव्हलच्या दुप्पट कमी होतात आणि फॉर्टिट्यूडला (विष, आजार झेलायच्या ताकदीला) −२, नाहीतर नंतर तोच बोंबलेल. एलिक्सिर ऑफ लाइफ (जखमा भरणारं औषध) सकाळीच प्रत्येकाला एकेक वाटून टाक. टर्नमध्ये अॅक्शन तीनच, पिशवीतून बाटली काढायला एक, प्यायला एक, म्हणून लढाई दिसायला लागली की बाटली हातात असलेली बरी.

आणि एक विचारतो, तुम्ही जुने नियम तर नाही ना खेळत? २०२४ च्या प्लेयर कोअर २ मध्ये हा क्लास बराच सुधारलाय. व्हर्सटाइल व्हायल्स (ऐनवेळी हवं ते बनवायच्या बाटल्या) २ अधिक बुद्धी एवढ्या मिळतात, दहा मिनिटं निवांत मिळाली की दोन परत येतात, शिवाय एका अॅक्शनमध्ये फुकटची एक व्हायल बनवून त्याच टर्नमध्ये पुढच्या अॅक्शनला फेकता येते. म्हणजे बाटल्या संपल्या म्हणून हात बांधून बसायचं आता राहिलं नाही. शस्त्रातला एक्स्पर्टपणा पण आता लेव्हल ५ लाच येतो, आधी ७ ला यायचा.

प्रश्न : मी धुळ्याला डंजन्स अँड ड्रॅगन्स या तसल्याच खेळाचा डीएम (खेळ चालवणारा) आहे. एक ताई आर्टिफिसर (जादूच्या वस्तू बनवणारा) अल्केमिस्ट खेळते, रोज फासा टाकून नको तेच एलिक्सिर (जादूचं पेय) येतं आणि ती वैतागते. तिचं डॅमेज वाढवून देऊ का?

उत्तर : डॅमेज नका वाढवू दादा, निवड द्या. फुकटचं एलिक्सिर फाशाऐवजी तिलाच निवडू द्या, खेळ काही मोडत नाही. आणि ते बोनस अॅक्शनमध्ये पिऊ द्या, नाहीतर फ्लाइटच्या (उडायच्या) दहा फुटांसाठी अख्खी अॅक्शन कोण घालवणार. स्पेल स्लॉट (मंत्रांचा दिवसाचा कोटा) खर्चून तर हवं ते एलिक्सिर नियमातच बनवता येतं हे तिला माहीत आहे का बघा, बऱ्याच जणांना नसतं. त्यातलं बोल्डनेस घ्यायला सांगा, एक मिनिट हल्ल्याला आणि सेव्हला (बचावाला) d४, म्हणजे चार बाजूंचा फासा, जास्तीचा मिळतो, ब्लेस मंत्रासारखंच, पण कॉन्सन्ट्रेशन (मंत्र टिकवायला लक्ष) लागत नाही. हीलिंग वर्ड (जखम भरायचा मंत्र) तिच्याकडे कायम तयार असतो आणि लेव्हल ५ नंतर त्यात बुद्धी जोडली जाते, म्हणजे पडलेल्याला उठवायला क्लेरिकची (बरं करणाऱ्या पुजाऱ्याची) वाट बघायची गरज नाही. तुम्ही एवढंच करा, लढाईआधी थोडी चाहूल द्या, गुहेतून वास येतोय, दारावर अॅसिडचे डाग आहेत असं काहीतरी. दार उघडलं की धाडकन हल्ला असं दर वेळी केलं तर एलिक्सिर प्यायला वेळच कुठे मिळणार तिला.

प्रश्न : नंदुरबारला पुस्तकं मिळत नाहीत आणि ऑनलाइन फार महाग पडतात. काय करू?

उत्तर : पाथफाइंडरचे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिसवर फुकट आहेत, अधिकृत आहेत, अल्केमिस्ट पण पूर्ण आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सचे मूळ नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये आहेत पण त्यात आर्टिफिसर नाही, त्याला पुस्तकच लागेल, चार जणांत मिळून घ्या. फासे नसतील तर मोबाइलवर टाका, नाहीतर १ ते २० च्या चिठ्ठ्या डब्यात घालून काढा आणि काढलेली चिठ्ठी दर वेळी परत डब्यात टाका.